रॅक्टोपामाइन आणि 69 विरुद्ध 67

आज डुकरांच्या खुराकाबद्दल बोलायचं आहे. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांचं तिथे काय काम, असं तुम्ही म्हणाल. आम्हाला एका मतदानानं तिकडे ओढलं.

जुलै 2012, रोम. अन्नाचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या कोडेक्स आयोगापुढे प्रश्न होता, मांसात रॅक्टोपामाइनचा अंश किती चालेल? वर्षानुवर्षं एकमत होईना, तेव्हा मतं घेतली. 69 बाजूनं, 67 विरुद्ध. किलोभर मांसात 10 मायक्रोग्रॅम, मंजूर!

हे द्रव्य कत्तलीआधीच्या शेवटच्या काही आठवड्यांत खुराकात मिसळतात, टनाला 5 ते 10 ग्रॅम. अमेरिकेनं 1999 साली परवानगी दिली. ते शरीरात अ‍ॅड्रेनालिनसारखं काम करतं. खाल्लेलं चरबीकडे कमी आणि स्नायूंकडे जास्त वळतं. शोधनिबंधांत या सगळ्याला 'ग्रोथ परफॉर्मन्स' म्हणतात, म्हणजे रोजची वजनवाढ, रोजचं खाणं, आणि किलोभर वजनामागे किती खुराक लागला.

हा शब्द आम्हाला खटकतो. परफॉर्मन्स कुणाचा? पैलवान कामगिरी करतो, गवई करतो. त्यांना काही साधायचं असतं. डुक्कर नुसतं वाढतं. कामगिरी केली ती खुराकावरच्या पैशानं, नाव मात्र जनावराचं. आता, हा हिशेब क्षुद्र आहे असं आम्ही मुळीच म्हणत नाही. वराहपालनात सर्वांत मोठा खर्च खुराकाचाच. कमी खुराकात वाढ म्हणजे कमी मका, कमी सोयाबीन, मैलाही कमी. हे फायदे खरे आहेत.

पण तक्त्यात ज्याला रकाना नाही, त्याचं काय? 2003 मध्ये 'जर्नल ऑफ अ‍ॅनिमल सायन्स'मध्ये आलेल्या अभ्यासात ही डुकरं हाकायला अवघड झालेली दिसली, त्यांच्या हृदयाचे ठोकेही वाढलेले होते. अमेरिकेतल्या औषधाच्या लेबलावरही इशारा आला, की बाजारात नेताना जखमी आणि थकलेल्या डुकरांची संख्या वाढू शकते. म्हणजे माहिती होती, छापलेलीही होती. फक्त तिला परफॉर्मन्समध्ये जागा नव्हती.

माणसांचं सांगायचं तर, सुरक्षित मात्रा ठरवताना आधार घेतला तो सहा निरोगी पुरुषांवरच्या चाचणीचा. हृदयावरच्या परिणामांमुळे त्यातला एक बाहेर काढावा लागला. एवढ्यावर मर्यादा ठरवता येत नाही, असं युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं 2009 साली स्पष्ट म्हटलं. बरोबरच म्हटलं. तरी युरोपवरही आमचा आक्षेप आहे. तिथल्या लोकांना असं मांस मुळातच नको होतं, आणि तसं म्हणायला कोडेक्सच्या नियमांत वाट होती. 1995 पासून विज्ञानाबरोबर 'इतर रास्त बाबी' विचारात घेता येतात. पण वाद पुन्हा पुन्हा मायक्रोग्रॅमवरच आणला गेला. अमेरिकेला तर दुसरं काही ऐकायचंच नव्हतं. मग मूल्यांचा वाद विज्ञानाचे कपडे घालून मतपेटीपाशी गेला, आणि दोन मतांनी निकाल लागला! सहा माणसांच्या चाचणीत जे कळलं नाही, ते 136 मतांतून कसं कळणार?

या निकालानं कुणाचं मत बदललं, असं दिसत नाही. युरोपची बंदी राहिली, चीनचीही. 2018 नंतर आफ्रिकन स्वाइन फीव्हरनं चीनमधली डुकरं मोठ्या संख्येनं गेली, तिथे मांसाला मागणी आली. 2019 मध्ये अमेरिकेतल्या बड्या मांस-कंपन्यांनी आपल्या पुरवठादारांना कळवलं, रॅक्टोपामाइन दिलेली डुकरं यापुढे घेणार नाही. कारण त्यांनी उघडच सांगितलं होतं: निर्यात.