संशोधनपद्धती : नाव आणि हिशेब

मराठी साहित्यविषयक प्रबंधांत संशोधनपद्धतीचा भाग बहुधा पहिल्या प्रकरणाच्या अखेरीस येतो आणि एक-दोन पृष्ठांत आटोपतो. ‘प्रस्तुत संशोधनासाठी वर्णनात्मक, विश्लेषणात्मक व तुलनात्मक पद्धतींचा अवलंब करण्यात आला आहे’ या धाटणीचे विधान त्यात हमखास आढळते. ग्रामीण कादंबरीपासून महानुभाव गद्यापर्यंत कोणत्याही विषयाच्या प्रबंधात ते एकही शब्द न बदलता बसू शकते. साहजिकच, समोरच्या प्रबंधाविषयी ते काहीच सांगत नाही.

नोंदणीच्या वेळी सादर केलेल्या आराखड्यातील ‘करण्यात येईल’चे प्रबंधात ‘करण्यात आला आहे’ होते, एवढाच काय तो फरक. मधल्या काळात विषयाने संशोधकाला कोठे अडवले, कोणती सामग्री त्याने बाजूस ठेवली, कोणता विचार सोडून द्यावा लागला, हे सारे त्या क्रियापदाच्या बदलात लुप्त होते. सामाजिक शास्त्रांकडून घेतलेल्या साच्यातील ‘गृहीतक’ ही संज्ञा तर दुहेरी काम करते : जे तपासायचे तेही गृहीतक आणि जे न तपासता स्वीकारायचे तेही गृहीतकच. पहिल्या अर्थासाठी ‘अभ्युपगम’ हा पारिभाषिक शब्द असूनही तो फारसा रुळला नाही. परिणामी ‘संतकाव्यातून समाजप्रबोधन झाले’ हे विधान प्रारंभी गृहीतक म्हणून येते आणि शेवटी निष्कर्ष म्हणून भेटते.

पद्धतीचे निवेदन कसे असू शकते याचे उदाहरण शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीतील आदिपर्वाला वि. सी. सुखठणकर यांनी १९३३ साली जोडलेली इंग्रजी प्रस्तावना या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. आदिपर्वाच्या ज्ञात हस्तलिखितांपैकी किती तपासली आणि त्यांतून ६० पाठनोंदीसाठी का निवडली, याचा हिशेब ते लिपिनिहाय देतात. हस्तलिखितांत परस्परांचे पाठ इतके मिसळले आहेत की युरोपीय पाठचिकित्सेतील वंशवृक्षाची रीत येथे काटेकोरपणे लावता येत नाही, हेही ते नि:संदिग्धपणे नोंदवतात. म्हणजे पद्धत आधी ठरवून सामग्रीवर लादलेली नाही. सामग्रीने तिला वाकवले आहे. परस्परांपासून स्वतंत्र असलेल्या परंपरांचे जेथे एकमत होते तेथे पाठ निश्चित मानला आहे; जेथे निर्णय डळमळीत आहे तेथे अक्षरांखाली नागमोडी रेघ आहे. ही रेघ हा पद्धतीचाच भाग होय, आणि ‘मर्यादा’ या मथळ्याखालील वेळेच्या अभावाच्या तक्रारीपेक्षा ती कितीतरी अधिक प्रामाणिक आहे.

या स्पष्टतेमुळेच सुखठणकरांशी वाद घालता आला. प्रचलित नीलकंठी पाठ छापून त्याला पाठभेद जोडावेत, असे सिल्व्हँ लेव्ही यांनी आरंभीच सुचवले होते. मौखिक परंपरेतील ग्रंथाला ही चिकित्सा लागू पडते काय, असा मूलगामी प्रश्न पुढे मादलेन बियार्दो यांनी उपस्थित केला. ‘विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब’ या विधानाशी मात्र कोणाला वाद घालता येईल?

एवढा खटाटोप संस्थेच्या पाठबळाविना एकट्या विद्यार्थ्याला झेपणारा नाही, हा आक्षेप रास्त आहे. परंतु निवड सांगण्यासाठी साठ हस्तलिखिते लागत नाहीत. तुकारामांवर लिहिणाऱ्याने कोणता गाथा आधारभूत मानला, एवढे सांगितले तरी पुष्कळ होईल. विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांच्या गाथ्यात (१८६९, १८७३) साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत आणि पु. मं. लाड यांची प्रस्तावना लाभलेली १९५० ची शासकीय आवृत्ती त्यावरच आधारलेली आहे. संताजी जगनाडे यांच्या वह्यांवरून वि. ल. भावे यांनी काढलेल्या ‘अस्सल’ गाथ्यात सुमारे १३०० अभंग आहेत. तुकारामांच्या बंडखोरीविषयीचा, आत्मचरित्रपर अभंगांविषयीचा किंवा प्रतिमांच्या वारंवारतेविषयीचा कोणताही निष्कर्ष या निवडीने बदलू शकतो. प्रबंधाच्या पद्धतिविषयक पृष्ठांवर तिचा निर्देश नसतो. ग्रंथसूचीत मात्र दोन्ही गाथे एकाखाली एक नांदत असतात.