'मला थंडी वाजते' : कर्ता कोण?

मागच्या वेळी भाषा आणि विचार यांबद्दल मी जरा हवेतच बोललो, असं जाता जाता दोघा-तिघांनी सांगितलं. मान्य आहे. म्हणून आज एकच वाक्य आणलंय : 'मला थंडी वाजते.' शीवच्या या सभागृहातले पंखे बघता उदाहरण गैरलागू नाही.

शाळेत याचा कर्ता आपण सगळ्यांनी शोधलाय. वाजणारी कोण? थंडी. म्हणून कर्ता थंडी. माझ्या नातीने पेपरात 'मला' लिहिलं आणि तिचा एक गुण गेला. "आजोबा, थंडी मला वाजते ना? मग थंडी काय करते?" तत्त्वज्ञानात डॉक्टरेट मिळवलेला मी गप्प.

१८३६ साली दादोबा पांडुरंगांचं 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' निघालं, १९११ साली मोरो केशव दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण'. (दामले म्हणजे केशवसुतांचे बंधू. एकाच घरात एकाने कवितेची घडी मोडली, दुसऱ्याने भाषेची बसवली.) या परंपरेमागे संस्कृतची शिस्त आहे. पाणिनीकडे आवडण्याच्या अर्थाचा धातू असला की ज्याला आवडतं तो कर्ता नसतो, संप्रदान असतो. पण पाणिनीचं कारक म्हणजे क्रियेशी असलेलं नातं. त्यामागे मोठी मांडणी आहे. आपल्या शाळांनी मांडणी सोडली आणि 'णारा कोण?' एवढा प्रश्न ठेवला.

आता हे ऐका : 'त्याला बातमी ऐकून रडू आलं.' क्रियापद 'रडू'शी जुळतं, कबूल. पण बातमी ऐकली कोणी? रडूने? दुसरं : 'रमेशला आपली आई आठवली.' आठवणारी आई, म्हणून ती कर्ता. मग 'आपली' म्हणजे कोणाची? रमेशचीच. एरवी हा 'आपला' कर्त्याकडे धावतो, 'ऐकून'ही त्याच्याकडेच बघतं. म्हणजे लिंग-वचनाचा मान एकाला आणि बाकीची मालकी दुसऱ्याला. कर्तेपण हे एक गाठोडं नाहीच. मराठीने ते दोघांत वाटून दिलंय. आपल्या व्याकरणांनी रूपांची मोजदाद चोख केली, पण ही वाटणी शाळेच्या पुस्तकात अजून उतरलेली नाही. पोरीचं उत्तर चुकलं नव्हतं, प्रश्न अपुरा होता.

दुसरं टोकही तितकंच फसवं. मराठी माणसाला राग 'येतो', म्हणजे तो जबाबदारी झटकतो, असं काही विद्वान म्हणतात. तरुणपणी प्रबंधात मीही जवळपास तेच लिहिलं. आज ते वाचवत नाही. (बघा, इथेही 'मला'च!) अहो, तोच माणूस 'मी रागावलो' असंही म्हणतो. 'माझ्याकडून कप फुटला' आणि 'मी कप फोडला' ही दोन्ही वाक्यं पोराला येतात. त्यातलं तो कुठलं निवडतो, हे आईला स्वयंपाकघरातूनच कळतं. विचार व्याकरणात कोंडलेला असता, तर ही निवड आली कुठून? आणि थंडीत कुडकुडणारा इंग्रज स्वतःलाच थंड म्हणतो. तो तरी कुठे काही करत असतो?

नातीला मी सांगितलं, परीक्षेत 'थंडी'च लिही, पण बाईंना 'ऐकून'चं वाक्य विचार. तिने विचारलं. बाई थोडा वेळ फळ्याकडे बघत राहिल्या म्हणे, मग म्हणाल्या, "हे अभ्यासक्रमात नाही."