तट पडला की नळ सुटला?

जुलाबांच्या रोगांचा धडा आला की आतड्याच्या अस्तराला किल्ल्याच्या तटबंदीची उपमा बहुधा ठरलेली. जंतू म्हणजे शत्रू, त्यांचे विष म्हणजे तोफगोळे. तटाला खिंडार पडते आणि शरीरातले पाणी वाहून जाते. मुलांना चित्र आवडते, तक्ताही झकास होतो. आमची हरकत अशी की, या उपमेसाठी हमखास निवडला जाणारा कॉलराच तिच्यात बसत नाही.

अस्तर दुबळे करणारी विषे आहेत, यात शंका नाही. हे अस्तर जेमतेम एका पेशीच्या जाडीचे. त्यावर बुळबुळीत श्लेष्म्याचा थर आणि शेजारच्या पेशी प्रथिनांच्या टाक्यांनी एकमेकींना घट्ट शिवलेल्या. मोठ्या पातेल्यात सावकाश निवत राहिलेल्या मटणाच्या रश्श्यात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स वाढतो. त्याचे विष या टाक्यांमधल्या क्लॉडिन प्रथिनांनाच पकडते आणि पेशींना छिद्रे पाडते. क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसील हा जंतू प्रतिजैविके घेतल्यावर मोठ्या आतड्यात माजतो. त्याची विषे पेशीत शिरून तिच्या सांगाड्यावर देखरेख करणारी प्रथिने निकामी करतात. सांगाडा ढासळला की टाके उसवतात. इथे तटबंदीची उपमा चालेल. अर्थात हा मामला तोफेपेक्षा फितुरीचा अधिक!

कॉलऱ्याचे तसे नाही. १९५९ मध्ये कलकत्त्याच्या शंभूनाथ डे यांनी कॉलऱ्याचे जंतू गाळून वेगळे केले आणि उरलेला द्राव सशाच्या लहान आतड्यात सोडला. जंतू नसतानाही आतडे पाण्याने टम्म फुगले. म्हणजे करामत विषाची होती. पण ते विष पेशींचा नाश करत होते का? १९६० मध्ये बँकॉकमधील रुग्णांच्या आतड्याचे नमुने तपासल्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. अस्तर शाबूत होते! हे विष पेशीतला एक ‘चालू’ संदेश बंदच होऊ देत नाही. चक्रीय एएमपी हा रेणू साचत जातो, क्लोराइडची दारे उघडी राहतात, आणि क्षारांमागोमाग पाणी आतड्यात उतरते. गंभीर रुग्णाच्या शरीरातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते. तट जागेवर आहे, नळ मात्र सुटला आहे.

हा निव्वळ शब्दांचा काथ्याकूट नव्हे. तट पडलाच असेल तर वरून पाणी पाजून काय उपयोग, असे एखादा विद्यार्थी विचारील, आणि त्याचे तर्कशास्त्र बरोबर असेल. जुलाब लागले की मुलाचे पाणी तोडायचे, या घरोघरच्या समजुतीला आपला तक्ता असा नकळत दुजोरा देतो. प्रत्यक्षात ग्लुकोज आणि सोडियम यांना जोडीने आत घेणारे दार कॉलऱ्यातही चालू असते, आणि त्यांच्यामागे पाणीही शोषले जाते. जलसंजीवनी चालते ती याच दारावर. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत शिरेतून द्यायचे द्रव संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी पाजायला सुरुवात केली. मृत्यूंचे प्रमाण शेकडा सुमारे ३० वरून ४ च्या खाली आले. मीठ घातलेली तांदळाची पेजही याच दाराने उपयोगी पडते, कारण पिष्टाचे पचन होऊन ग्लुकोजच मिळते.

तक्ता काढायचाच तर एका पेशीचा काढावा: एका बाजूला उघडा राहिलेला क्लोराइडचा नळ, दुसऱ्या बाजूला ग्लुकोज-सोडियमचे दार. मग मुलांना विचारावे, कॉलऱ्याचे जुलाब तांदळाच्या धुवणासारखे का असतात, त्यांत रक्त का नसते?