काचेमागची काच

रॉटरडॅमच्या व्हान नेले कारखान्याचं सारं देखणेपण एका बारीक रेषेवर तोललेलं आहे. ती रेषा म्हणजे खिडक्यांची पोलादी चौकट. तंबाखू, कॉफी आणि चहा पुड्यांत बांधून विकणाऱ्या या कंपनीसाठी ब्रिंकमन आणि व्हान डर फ्लुग्ट या वास्तुविशारदांनी 1925 ते 1931 या काळात हा कारखाना उभा केला. सगळा भार आतल्या काँक्रीटच्या खांबांनी उचलला, तेव्हा बाहेरच्या भिंतीला पेलण्यासारखं काही उरलंच नाही. मग ती काचेच्या पडद्यासारखी मजल्यामागून मजला सरळ खाली सोडून दिली. आतले खांब अठपैलू. वर जाऊन छत्रीसारखे उमलतात आणि छताला भिडतात. मध्ये तुळई नाही. उजेडाला अडायला जागाच नाही, तो छताखालून थेट आतवर सरकतो.

उंचीतही असाच रोखठोकपणा. कच्चा माल आधी वर न्यायचा आणि एकेक प्रक्रिया होत तो मजल्यामजल्याने खाली उतरवायचा. तंबाखूचे सोपस्कार जास्त, म्हणून ती इमारत सर्वांत उंच, तिच्याखालोखाल कॉफी, चहा बुटका. समोरच्या गुदामांकडे झेपावणारे तिरपे पूल मालासाठीच होते. मात्र गच्चीवरची गोल काचेची खोली या हिशेबात कुठेच बसत नाही. मला ती म्हणूनच आवडते.

एवढा उजेड कामगारांसाठी कशाला? कंपनीचा सूत्रधार केस व्हान डर लेऊ थिऑसॉफीच्या वाटेवरचा, कृष्णमूर्तींभोवती जमलेल्या मंडळींपैकी. 1929 साली कृष्णमूर्तींनी हॉलंडमध्येच ‘ऑर्डर ऑफ द स्टार’ ही आपल्याभोवती उभी राहिलेली संघटना विसर्जित केली, तेव्हा इथे बांधकाम चालू होतं. उजेड आणि मोकळी हवा माणसाला घडवते, यावर या मालकाची श्रद्धा होती. अर्थात चांगल्या उजेडात पुड्याही भरभर बांधल्या जातात; श्रद्धा आणि नफा इथे गुण्यागोविंदाने नांदले.

1990च्या दशकात यंत्रं थांबली. आता इथे कार्यालयं आणायची होती, आणि खरा पेच इथेच पडला. कॉफी भाजणाऱ्या माणसाला थोडी थंडी, थोडा गोंगाट चालून जातो. दिवसभर टेबलाशी बसणाऱ्याला नाही. एकेरी काच हिवाळ्यात गारठते, उन्हात तापते. दुहेरी काच बसवावी तर ती जाड आणि जड. तिला पेलायला चौकटही जाड करावी लागणार. म्हणजे ती बारीक रेषा गेली, आणि तिच्याबरोबर इमारतही.

पुनरुज्जीवनाची सूत्रं सांभाळणारे वास्तुविशारद वेसेल द योंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाहेरच्या काचेचं रूप जपलं. नवी काचभिंत उभारली ती आतल्या बाजूला, काही पावलं मागे. दोन काचांमध्ये एक लांबलचक पट्टा उरला. तोच येण्याजाण्याचा मार्ग झाला आणि ऊन-थंडी झेलणारी ढालही. जुन्या घराच्या ओसरीसारखा, ना पुरता आत, ना बाहेर.

लोअर परळमध्ये गिरणीची एक चिमणी तेवढी राखून भोवती मनोरे उभारलेले पाहायची आपल्याला सवय आहे. तिथे जुनं शिल्लक असतं ते खूण म्हणून. इथे नव्याने स्वतःला आवरलं आहे. रस्त्यावरून पाहणाऱ्याला ते आधी जाणवतच नाही. नजर पहिल्या काचेतून पार होते, मग मागे दुसरी लागते, तिच्यापलीकडे तेच उमललेले खांब. 2014 साली युनेस्कोने या वास्तूला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. रास्तच झालं.

एक कुरकुर मात्र आहे. कार्यालयं झाली तशी आत दालनं पडली. पूर्वी एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकापर्यंत खांबांची रांग डोळ्यांत मावायची, ते सुख आता तुकड्यांनी मिळतं. ते बरंचसं सलग उरलंय ते त्या मधल्या पट्ट्यातच. एका हाताला 1920च्या दशकातली चौकट, दुसऱ्या हाताला कुणाची तरी चालू बैठक, आणि पायांशी चौकटींच्या सावल्या.