ग्रामीण ढंग आणि ध्वनिमुद्रिका

नागर संगीतानें ग्रामगीताचा रंग घेतला म्हणजे तो रंग कशांत शोधावा? बहुतेक श्रोते तो वाद्यांत शोधतात. अमेरिकेंतील ‘दि बर्ड्‌स’ या रॉक वाद्यवृंदाची ‘स्वीटहार्ट ऑफ दि रोडिओ’ (१९६८) ही ध्वनिमुद्रिका ऐकतांना स्टील गिटारचे लांबट, हेलकावे खाणारे सूर हीच तिच्या ग्रामीणत्वाची खूण वाटते. आपल्याकडेही ढोलकी कडाडली कीं गाणें गावरान झालें, असें आपण समजतों. ही समजूत मला अपुरी वाटते.

‘पिंजरा’ (१९७२) घ्या. दिग्दर्शक शांताराम व गीतकार जगदीश खेबुडकर हे दोघेही करवीरकर. संगीत राम कदम यांचें. कथा एका सच्छील शिक्षकाच्या तमाशापायीं झालेल्या अधःपाताची. परंतु गाणीं त्या उपदेशाला जुमानीत नाहींत. उषा मंगेशकरांच्या गळ्यांतील लावणी समोरच्या श्रोत्याला उद्देशून आहे. ती त्याला डिवचते, त्याच्या उत्तराची वाट पाहते. ढोलकी ही त्या संभाषणाची केवळ साथीदार.

कागलच्या आनंद यादवांच्या कादंबरीवरील ‘नटरंग’ (२०१०) मध्यें अजय-अतुल यांनीं वाद्यमेळ पुष्कळ दाट केला, तरी गवळणीचा व लावणीचा बोलका ठसका कायम राहिला. त्यांच्याच ‘सैराट’ (२०१६) मध्यें मात्र अमेरिकेंत ध्वनिमुद्रित केलेला भव्य पाश्चात्य वाद्यवृंद आला. येथें फड नाहीं, समोरासमोरचा सवाल नाहीं. तरीही ‘याड लागलं’ हें गाणें आपल्या मातीचें कां वाटतें? ‘याड’ या एका उच्चारामुळें. तेथें ‘वेड’ असतें, तर व्हायोलिनांच्या त्या पुरांत गाणें कोणत्याही शहराचें होऊन वाहून गेलें असतें.

तात्पर्य, वाद्यें कोठूनही आणतां येतात. बोली मात्र माणसाबरोबरच येते. आणि येथेंच आपल्या सुशिक्षित घरांची परीक्षा आहे. तमाशाचा फड आपण टाळला, लावणी मात्र ध्वनिमुद्रिकेंतून दिवाणखान्यांत आणली. गाण्यांतल्या ‘याड’वर माना डोलावणारे आपण, वर्गांतला मुलगा तोच शब्द बोलला कीं हंसतों व त्याची जीभ सुधारूं पाहतों. अशा रसिकतेला अर्धीच रसिकता म्हटलें पाहिजे. गाणें आवडलें असेल, तर तें ज्याच्या तोंडचें आहे त्यालाही मानानें ऐकून घेतलें पाहिजे.