फादर स्टीफन्सचा श्रोता

फादर टॉमस स्टीफन्स याच्या ‘ख्रिस्तपुराणा’विषयीं आपल्याकडे जें लिहिलें व शिकविलें जातें, त्याची एक मळलेली वाट झाली आहे. प्रथम त्यानें केलेल्या मराठीच्या स्तुतीच्या ओव्या यावयाच्या. मग परदेशी माणसानें आमच्या भाषेचा केवढा हा गौरव केला म्हणून आपली मान ताठ व्हावयाची. मग ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ओवीशीं तुलना. आणि शेवटीं ग्रंथांत कोंकणी शब्द किती व कोठें याची मोजदाद. आम्हींही पुष्कळ वर्षें वर्गांत हेंच केलें आणि परीक्षेंत हेंच विचारलें. हें सारें चुकीचें आहे असें नाहीं. परंतु हा ग्रंथ कोणाला ऐकविण्यासाठीं लिहिला, हा साधा प्रश्न त्यांत कोठेंच येत नाहीं. आणि तो आमच्याही मनांत कधीं आला नव्हता, हें कबूल करणें प्राप्त आहे. तो आला एका जुन्या विद्यार्थ्यामुळें.

हा विद्यार्थी वसईकडचा, कॅथलिक. त्याच्या आग्रहावरून आम्ही एकदां ईस्टरच्या आदल्या रात्रीं त्याच्या गांवच्या चर्चमध्यें गेलों होतों. आंतले दिवे मालविलेले. बाहेर पेटविलेला नवा अग्नि. त्यावरून उजळलेली एक मोठी मेणबत्ती, आणि तिच्यावरून हातोहात पेटत गेलेल्या शेंकडों लहान मेणबत्त्या. पुष्कळ वेळानें धर्मगुरूनें साऱ्या मंडळीस मराठींत प्रश्न विचारले. पापाचा आणि सैतानाचा तुम्ही त्याग करतां ना, पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांवर तुमची श्रद्धा आहे ना, अशा आशयाचे ते प्रश्न. आणि प्रत्येकाला सर्वांनीं मिळून रुकार द्यावयाचा. विद्यार्थ्याची आई खणखणीत आवाजांत उत्तर देत होती. तो स्वतः मात्र शेवटच्या दोन प्रश्नांना गप्प राहिला. हातांतली मेणबत्ती त्यानें विझविली नाहीं, पण ओंठही हलविले नाहींत.

परत येतांना तो आपण होऊनच म्हणाला, “सर, माझा बाप्तिस्मा झाला तेव्हां मी चाळीस दिवसांचा होतों. माझी उत्तरें दुसऱ्यांनीं दिलीं. आतां वर्षांतून एकदां मला स्वतःला विचारतात. विचारतातच, तर उत्तर शोधायला मला वेळ नको का?” आई दोन पावलें पुढें चालत होती. मागें वळून न पाहतां ती म्हणाली, “शोध हो बाबा. पण पुढच्या वर्षीं उभा राहायला ये.”

वर्षाकांठीं सर्वांस प्रश्न विचारण्याची ही रीत दिसते तेवढी जुनी नाहीं. तान्ह्या मुलाच्या वतीनें धर्मपिता व धर्ममाता यांनीं उत्तरें द्यावयाचीं हा प्रघात प्राचीन आहे. परंतु ईस्टरच्या रात्रीं साऱ्या धर्मग्रामानें तींच वचनें आपल्या तोंडानें पुन्हां द्यावयाचीं, हा भाग बाराव्या पायस पोपनें १९५१ सालीं या विधीची नवी मांडणी केली तेव्हां घातला. (तत्पूर्वीं हा रात्रीचा विधि शनिवारीं सकाळींच उरकून घेत, उजेडांत मेणबत्त्या लावण्याचा तो प्रकार किती चमत्कारिक दिसत असेल!) विशेष हें कीं, बाकीचा विधि लॅटिनमध्येंच चालूं असतां ही प्रश्नोत्तरें तेवढीं लोकभाषेंत करण्याची मोकळीक त्याच वेळीं दिली गेली. माणसानें स्वतः हो म्हणावयाचें तर प्रश्न त्याला समजला पाहिजे, हें रोमला तेव्हां पटलें. गोव्यांत एका इंग्रज पाद्र्याला तें त्याच्या ३३५ वर्षें आधीं पटलें होतें.

तो पाद्री म्हणजे आपला स्टीफन्स. ‘ख्रिस्तपुराण’ राचोल येथें १६१६ सालीं रोमन लिपींत छापलें गेलें. त्याच्या पहिल्याच अवस्वरांत, म्हणजे अध्यायांत, एक लहानसा प्रसंग आहे. आमचे टीकाकार त्यावरून भराभर पुढें जातात. सासष्टीच्या एका चर्चमध्यें (ही गोव्याची सासष्टी, मुंबईची साष्टी नव्हे) रविवारीं मुलांस धर्माचे पाठ देणें चालूं आहे. तेथें एक ब्राह्मण, ख्रिस्ती झालेला, पुढें येतो आणि गुरूला विनंती करतो. तिचा भावार्थ असा कीं, हे पाठ चांगलेच आहेत, पण यांशिवाय एखादें पुराण असतें तर फार बरें झालें असतें. आमचीं जुनीं पुराणें तुम्हीं बंद केलीं, मग त्यांच्या जागीं दुसरें कांहीं कां देत नाहीं? या विनंतीला उत्तर म्हणून पुढील सारा ग्रंथ, जवळजवळ अकरा हजार ओव्या, उभा राहतो.

म्हणजे हें पुराण ख्रिस्ती नसलेल्यांना ख्रिस्ती करण्यासाठीं लिहिलेलें नाहीं. त्याचा श्रोता आधींच बाप्तिस्मा घेतलेला आहे, दर रविवारीं चर्चमध्यें येतो, पाठ म्हणतो, आणि तरीही त्याचें समाधान झालेलें नाहीं. धर्म मिळाला आहे, पण तो अजून आपला वाटत नाहीं; आपला वाटावा अशी इच्छा मात्र आहे. धर्मशिक्षणाच्या प्रश्नोत्तरींत सामान्यतः गुरु विचारतो आणि शिष्य पाठ केलेलें उत्तर देतो. पुराणांत हा क्रम उलटतो. येथें श्रोता विचारतो, मध्येंच गुरूला थांबवितो, शंका काढतो. गुरूला उत्तरें द्यावीं लागतात. ही रचना स्टीफन्सनें आपल्याच पुराणांच्या वक्ता-श्रोत्यांकडून उचलली, हें अनेकांनीं सांगितलें आहे. आमचें म्हणणें थोडें निराळें आहे. केवळ अलंकार म्हणून त्यानें ती घेतली नाहीं. पाठ केलेल्या उत्तरांनीं जें होत नव्हतें तें प्रश्न विचारण्याच्या अधिकारानें होईल, असें त्या धर्मग्रामांत राहून त्याला दिसलें असलें पाहिजे.

आतां या श्रोत्याचा ‘बाप्तिस्मा’ कोणत्या परिस्थितींत झाला, हा प्रश्न टाळतां येत नाहीं. आणि टाळूंही नये. १५६७ सालीं सासष्टींतील शेंकडों देवळें पोर्तुगीजांनीं पाडलीं. मंगेश, शांतादुर्गा या दैवतांस भाविकांनीं नदीपलीकडे नेलें. गोव्यांत इन्क्विझिशन १५६० पासून बसलें होतें. १५८३ सालीं कुंकळ्ळीस पांच जेझुइटांस लोकांनीं मारलें, आणि नंतर त्या गांवच्या पुढाऱ्यांस सरकारनें मारलें. ‘आमचीं पुराणें तुम्हीं बंद केलीं’ हें त्या ब्राह्मणाचें वाक्य या पार्श्वभूमीवर वाचलें म्हणजे त्याचा सौम्यपणाच टोंचूं लागतो. तो तक्रार करीत नाहीं. तक्रार करण्याची सोय नव्हती. पण स्टीफन्सनें तें वाक्य पहिल्याच अवस्वरांत घातलें आणि छापून काढलें, याचें आम्हांस वारंवार नवल वाटतें.

त्याला तें ऐकूं आलें याचें कारण कदाचित् त्याच्याच चरित्रांत असेल. स्टीफन्स ज्या इंग्लंडांतून आला, तेथें एलिझाबेथ राणीच्या अमलांत कॅथलिक राहणें हाच अपराध होत चालला होता. त्याचा मित्र टॉमस पाउंड याची धर्मापायीं सुमारें तीस वर्षें तुरुंगांत गेलीं. स्टीफन्स रोमला गेला, १५७५ सालीं जेझुइट झाला, आणि १५७९ सालीं गोव्यास उतरला; त्यानंतर दोनच वर्षांनीं एडमंड कॅम्पियन या इंग्रज जेझुइटास लंडनांत फांशीं दिलें. मायदेशांत ज्याला राजसत्तेच्या विरुद्ध जाऊन आपला धर्म पत्करावा लागला, त्याच्या पदरीं येथें जीं माणसें पडलीं त्यांना तोच धर्म राजसत्तेनें आणून दिलेला होता. हा विरोध त्याच्या मनाला किती जाणवला असेल? त्यानें तसें कोठें म्हटलें नाहीं, आणि आम्ही त्याच्या तोंडीं घालणार नाहीं. राजसत्तेचा निषेध त्याच्या ग्रंथांत नाहीं. त्याकरितां त्याला माफ करावें असेंही आम्हांस वाटत नाहीं. परंतु सत्तेनें दिलेली वस्तु माणसानें स्वतः स्वीकारली नाहीं तर ती त्याची होत नाहीं, एवढें ज्ञान ग्रंथाच्या रचनेंत आहे. जन्मभर सासष्टींत राहून, तेथली भाषा शिकून, तिचें व्याकरण लिहून त्यानें जें केलें तें या ज्ञानाशीं जुळतें.

दोषही सांगितला पाहिजे. श्रोत्याला प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे, पण नकार देण्याचा नाहीं. शंका येतात त्या फेडल्या जाण्यासाठींच येतात. गुरु एकदांही निरुत्तर होत नाहीं. आमच्या विद्यार्थ्यासारखा गप्प राहणारा माणूस या पुराणाच्या सभेंत बसूं शकला नसता. वाङ्मय म्हणून ही उणीव मोठी आहे. जेथें ‘नाहीं’ म्हणतां येत नाहीं तेथल्या ‘होय’चें वजन किती, असा संशय वाचकाच्या मनांत राहतोच. ज्ञानेश्वरींतला अर्जुनही शेवटीं मानतोच, असें कोणी म्हणेल. पण अर्जुनानें आधीं धनुष्य खालीं ठेवलें होतें, हें विसरतां येत नाहीं.

मग त्या ‘होय’चें वजन पाहावयाचें कसें? आमच्या मतें ग्रंथाबाहेर. १६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. तरीही पुराण उरलें, तें हस्तलिखितांवर. गोव्यांत आणि मंगळुरांत माणसांनीं तें बसून उतरून काढलें. १९०७ सालची मंगळूरची आवृत्ति अशा हस्तलिखितांवरून सिद्ध झाली, आणि एक देवनागरी हस्तलिखित लंडनला जाऊन पोंचलें. अकरा हजार ओव्या बोरूनें उतरणें हें सक्तीनें होणारें काम नव्हे. त्या लेखकांचीं नांवें आपणांस ठाऊक नाहींत. प्रत्येक प्रत मात्र कोणीतरी पुन्हां दिलेलें उत्तर आहे.

वसईची गोष्ट निराळी, पण याच दिशेची. १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं वसई घेतली, आणि ज्या सत्तेनें हा धर्म आणला ती निघून गेली. कांहीं लोक परत हिंदु झाले, कांहीं राहिले. राहण्यांत त्यांचा राजकीय लाभ कांहींच नव्हता. मराठी अमलाखालीं, मराठीची बोली बोलत, ते त्याच धर्मग्रामांत राहिले. आमच्या इतिहासलेखकांनीं त्या विजयाचें जेवढें वर्णन केलें आहे, त्याचा शतांशही या राहण्याचा विचार केलेला नाहीं.

याचें कारण असें दिसतें कीं मराठी वाचकाला धर्मांतराचें वाङ्मय परिचित आहे, धर्मांत राहण्याचें नाहीं. रेव्हरंड टिळक १८९५ सालीं ख्रिस्ती झाले, त्यामुळें संसार कसा दुभंगला व पुन्हां कसा सांधला, हें लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त घरोघर वाचलें जातें, आणि वाचलें जावें असेंच तें पुस्तक आहे. (टिळक प्रॉटेस्टंट मिशनचे, त्यांचा येथें उल्लेख केवळ तुलनेसाठीं.) तेथें निवड ही एक घटना आहे. तिला तारीख आहे, अश्रु आहेत, ताटातूट आहे. ती सांगतां येते. परंतु ज्याला धर्म पाळण्यांतच मिळाला, ज्याची आजी, आई, शेजारी सर्व त्याच चर्चच्या घंटेवर उठतात, त्याची निवड अशी दिसत नाहीं. ती दर रविवारच्या मिस्सेंत, मेलेल्यांच्या प्रार्थनेंत, सणाच्या वर्गणींत मिसळून गेलेली असते. आणि बहुतेकांची ती कधीं होतच नाहीं. तिचें वाङ्मय लिहिणें कठीण. स्टीफन्सनें तें पूर्णपणें लिहिलें नाहीं, पण त्या माणसाला रविवारच्या दुपारीं उभें राहून बोलूं दिलें.

विद्यार्थ्यांस यापुढें स्तुतीच्या ओव्यांऐवजीं हा प्रसंग आधीं शिकवावा असें आम्हीं ठरविलें आहे. ग्रंथ आतां दुर्मिळ नाहीं: शांताराम बंडेलू यांनीं १९५६ सालीं तो देवनागरींत आणला, आणि नेल्सन फाल्कांव यांच्या २००९ च्या आवृत्तींत सोप्या गद्यांत अर्थही दिला आहे. वसईच्या त्या विद्यार्थ्यास आम्हीं ही दुसरी आवृत्ति पाठविली. त्यानें ती अजून उघडली नाहीं, असें तोच कळवितो. त्याची आई मात्र दुपारची वाचीत असते, आणि पहिला अवस्वर संपल्यावर तिनें विचारलें कीं, त्या ब्राह्मणाचें नांव कां दिलेलें नाहीं.