शिकारीचा बेत आणि शेताचा धनी

मध्यहिंदुस्थानांतील शिकारीवर लिहिलेल्या इंग्रजी ग्रंथांत कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांच्या १८७१ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ या ग्रंथाला मानाचें स्थान आहे, व तें योग्यच आहे. सातपुड्याचीं रानें, तेथील आदिवासी आणि श्वापदें यांचें इतकें सजीव वर्णन फार थोड्यांना साधलें आहे. तथापि अमरावती-अकोल्याच्या सपाटीवर राहून हा ग्रंथ व त्याच्या जातीचे इतर ग्रंथ वाचतांना आम्हांस एक उणीव वारंवार जाणवते. बंदूक कोणती, मोसम कोणता, तंबू कोठें ठोकावा, वाटाड्या कसा निवडावा, याचा खल या वाङ्मयांत भरपूर आढळतो; पण ज्याच्या शेतांतून सावजामागें जावयाचें त्या धन्याची संमति घेण्याचा विचार त्या बेतांत क्वचितच असतो.

राखीव जंगलांत सरकारी परवाना पुरे. नागपुराकडील मालगुजारी गांवांत एका मालगुजाराशीं बोलल्यानें काम भागे. वऱ्हाडांत मात्र रयतवारी होती. येथें काळविटांचा कळप चार धुरे ओलांडतो, तेव्हां तो चार खातेदारांच्या कपाशींतून, तुरींतून वा हरभऱ्यांतून जात असतो. सर्वांना मोकळी अशी जागा म्हणजे पांदण आणि ई-क्लास म्हणून ओळखली जाणारी चराईची जमीन, एवढीच. घोड्यावरून पाहणाऱ्यास हा मुलूख मोकळें मैदान वाटतो. पायीं चालणाऱ्यास धुरे दिसतात. फोर्सिथ तर निमाडांत जमाबंदीचे अधिकारी होते. शेताची हद्द आणि सारा त्यांच्या नित्य परिचयाचा. म्हणूनच त्यांच्याकडून आमची अपेक्षा अधिक.

यावर कोणी म्हणेल कीं, शिकारी पिकाचा शत्रूच मारीत होता. हें अर्धेंच खरें आहे. शिकाऱ्याची नजर लांब, पिळदार शिंगांच्या काळ्या नरावर असे. पीक खातो तो सबंध कळप. एक मुंडकें दिवाणखान्यांत लागलें म्हणून शेतकऱ्याची जागल चुकत नसे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें ते बेत संपले, आणि तें इष्टच झालें. शेताच्या धन्याचा प्रश्न मात्र उरला. त्या कायद्याच्या ११ व्या कलमान्वये रोही किंवा रानडुक्कर उभ्या पिकास घातक ठरल्यास अधिकाऱ्याच्या लेखी हुकुमानें मारतां येतें. काळवीट निव्वळ पिकाच्या नुकसानीसाठीं मारतां येत नाहीं. हा भेद आम्हांस मान्य आहे. परंतु त्याची किंमत रात्रभर जागून कोण भरतो, हें विसरून चालणार नाहीं. पूर्वीच्या शिकाऱ्यानें शेतकऱ्यास विचारलें नाहीं. शहरांत बसून काळविटाची उडी वाखाणणारे आम्ही तरी कोठें विचारतों?

फोर्सिथचा ग्रंथ जरूर वाचावा. त्यांतील रान आजही मन वेधून घेतें. पण आम्हांस त्याच्या शेजारीं आणखी एक ग्रंथ हवा आहे: बंदुकीच्या माशीवरून नव्हे, जागलीच्या मचाणावरून वऱ्हाड पाहणारा.